सरावाचा पोशाख आणि हौसेचा पोशाख : कॅलिफोर्नियातील एका कलर गार्डचे प्रकरण

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, डोंगरांपलीकडच्या खोऱ्यांत डब्लिन, प्लेझंटन, सॅन रॅमोन आणि लिव्हरमोर ही गावे वसलेली आहेत. गेल्या काही दशकांत संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे या गावांत मराठी कुटुंबे बऱ्याच संख्येने स्थायिक झाली, आणि त्यांची मुले तेथील सरकारी हायस्कुलांच्या मार्चिंग बँडमध्ये व कलर गार्डमध्ये, म्हणजे बँडबरोबर झेंडे नाचवणाऱ्या संघांत, दिसू लागली. अशाच एका हायस्कुलातील कलर गार्डसाठी सरावाचे कपडे आणि त्याबरोबर ‘स्पिरिट वेअर’, म्हणजे संघाचे नाव व बोधचिन्ह मिरवणारे हौसेचे कपडे, ठरवण्याचे काम बूस्टर क्लबच्या, म्हणजे संघासाठी निधी उभारणाऱ्या पालकांच्या संस्थेच्या, समितीकडे आले होते. मी त्या समितीची सदस्य होते. येथे शाळेचे, छपाई करणाऱ्या व्यवसायाचे आणि कोणाही विद्यार्थ्याचे नाव दिलेले नाही. निर्णय कोणत्या कारणांनी झाले, एवढेच मांडले आहे.

कलर गार्डचे मूळ सैन्यातील निशाणाच्या रक्षकदलात आहे. अमेरिकेतील शाळांमध्ये मात्र त्याने आता नृत्य, झेंडे आणि शस्त्रसदृश साधने यांच्या मिश्रकलेचे रूप घेतले आहे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत हा संघ बँडबरोबर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर असतो. हिवाळ्यात तो बँडपासून वेगळा होऊन व्यायामशाळेच्या जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या विनाइल पटावर, ध्वनिमुद्रित संगीतावर आपला स्वतंत्र प्रयोग सादर करतो. या हिवाळी प्रकाराची राष्ट्रीय संघटना, विंटर गार्ड इंटरनॅशनल, १९७७ साली स्थापन झाली आणि तिच्या अंतिम स्पर्धा एप्रिलमध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे भरतात. सदस्यांच्या हातात साधारण सहा फुटी दांड्याचा झेंडा असतो, लाकडी रायफल असते किंवा बोथट सेबर, म्हणजे तलवार, असते. ही साधने हवेत उंच फेकून, त्यांच्या गिरक्या मोजत, ठरलेल्या तालावर पुन्हा झेलायची असतात. कपड्यांचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा, कारण डोक्यावरून खाली येणारी रायफल झेलताना सैल बाही मनगटावर घसरली, तर इजा होते ती बोटांना.

समितीतील काही मराठी पालकांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “सरावाला वेगळे कपडे हवेत कशाला?” प्रश्न रास्त होता. पुण्यातील ढोल-ताशा पथकांचा सराव गणेशोत्सवाच्या आधी कित्येक आठवडे चालतो, त्या पथकांत ध्वज नाचवणारेही असतात, आणि सरावाला प्रत्येक जण घरच्या साध्या कपड्यांत येतो. कुर्ता आणि फेटा निघतो तो मिरवणुकीच्या दिवशी. परंतु पथकातील ध्वज हातातून सहसा सुटत नाही. कलर गार्डचे निम्मे कौशल्य साधन हातातून सोडून परत घेण्यात आहे, आणि उरलेले बरेचसे कौशल्य वीस-तीस जणांचे हात, पाठीचा कणा आणि पाय एकाच क्षणी एकाच कोनात असण्यात आहे. शिक्षक हा कोन सरावाच्या वेळी डोळ्यांनी, आणि नंतर चित्रफितीवर, तपासतात. पायघोळ टी-शर्टाखाली गुडघा वाकला आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून बहुतेक संघांत सरावासाठी अंगालगत बसणारे काळे कपडे घालण्याचा प्रघात आहे, आणि आमच्या प्रशिक्षिकेची मागणीही नेमकी तीच होती.

बूस्टर क्लबमधील काही पालकांचा आराखडा निराळा होता. शाळेचा रंग गडद मरून असल्याने त्यांनी एक संच सुचवला : मरून रंगाचा बिनबाह्यांचा घट्ट टॉप, त्यावर पांढऱ्या अक्षरांत संघाचे नाव, पाठीवर सदस्याचे नाव, काळ्या लेगिंग्ज, मरून हुडी आणि पिशवी. हे सर्व एकत्र, एकाच किमतीला, प्रत्येक सदस्याने हंगामाच्या आरंभी घ्यावे, अशी कल्पना होती. त्यामागे सद्भावच होता. सर्व मुले सारखी दिसावीत, छपाईवाल्याकडून घाऊक दर मिळावा आणि एकदाच पैसे भरून पालकांनी मोकळे व्हावे, असा तो हेतू. तरीही हा संच जसाच्या तसा स्वीकारता आला नाही, आणि त्याची कारणे कायदा, कापड आणि मुलांची शरीरे अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणी होती.

कायद्याचा अडथळा

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत मोफत शालेय शिक्षणाची हमी आहे. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात असा निर्णय दिला की, नाटक, संगीत, खेळ यांसारख्या अभ्यासेतर उपक्रमांसाठीही सरकारी शाळेला विद्यार्थ्यांकडून शुल्क घेता येणार नाही. गरीब विद्यार्थ्यांना शुल्कमाफी दिली म्हणजे दोष दूर होतो, हा युक्तिवादही न्यायालयाने मान्य केला नाही. पुढे २०१२ साली विधिमंडळाने कायदा करून ही बंदी शिक्षणसंहितेत स्पष्ट शब्दांत घातली आणि ती २०१३ च्या आरंभापासून लागू झाली. विद्यार्थ्याला उपक्रमासाठी आवश्यक असलेले कपडे किंवा साधने विकत घ्यायला लावणे, हे त्या बंदीत मोडते. ऐच्छिक देणगी मागता येते. पण देणगी दिली नाही म्हणून मुलाला बाजूला ठेवता येत नाही.

यावरून समितीने जी पहिली रेषा आखली, तीच पुढच्या सर्व निर्णयांचा आधार ठरली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्टही तीच आहे. जो कपडा घातल्याशिवाय मूल सरावाला उभे राहू शकत नाही, तो संघाने द्यायचा. ज्या कपड्यावाचून त्याचे काहीही अडत नाही, तोच विक्रीला ठेवायचा. या दोहोंची मोट एका संचात बांधली, की अनिवार्य वस्तूच्या आडोशाने ऐच्छिक वस्तूही गळ्यात पडते, आणि ज्या घरी पैशाची ओढाताण आहे, त्या घरातील मुलाला ती नाकारण्यासाठी हात वर करावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाला तसे करायला लावणे कायद्यात बसले असते, तरी मी त्याला संमती दिली नसती.

पैसा उभारण्याबाबतही एक सूचना पुढे आली होती : ज्या मुलाचे कुटुंब चॉकलेटे किंवा कुपने अधिक विकेल, त्याच्या कपड्यांच्या खर्चात तेवढी रक्कम वळती करावी. बूस्टर क्लब ही संघराज्याच्या आयकर कायद्यातील ५०१(सी)(३) या कलमाखाली करमुक्त असलेली संस्था होती. अशा संस्थेने उभारलेला निधी विक्री करणाऱ्या पालकाच्याच मुलाच्या नावे जमा केला, तर तो खासगी लाभ ठरतो. व्हर्जिनिया राज्यातील कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने नेमकी हीच पद्धत ठेवली होती; त्याची करमुक्ती रद्द झाली आणि २०१३ साली कर-न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. आमच्या कोषाध्यक्षांना हा निकाल ठाऊक होता, त्यामुळे ही सूचना लवकरच मागे पडली. जमा होणारा सर्व निधी एकाच सामाईक खात्यात राहील आणि त्यातून प्रत्येक सदस्याला सारखेच कपडे मिळतील, असे ठरले.

कापड आणि छपाई

खोऱ्यातील हवामान फसवे आहे. ऑगस्टमध्ये बँडच्या शिबिराच्या वेळी दुपारी तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नसते, आणि सूर्य मावळल्यावर तेच १५ अंशांच्या आसपास उतरते. डांबरी पार्किंगच्या जागेत, जिथे मैदानाच्या रेषा रंगवून सराव होतो, तेथील उष्णता तर हवामानखात्याच्या आकड्यापेक्षा बरीच अधिक जाणवते. अशा उन्हात पूर्ण काळे कपडे घालून मुलांना तासन्‌तास उभे करणे मला आणि समितीतील एका परिचारिका-पालकांना पटत नव्हते. प्रशिक्षिकेचा आग्रह शरीराची रेषा दिसण्याचा होता, काळ्या रंगाचा नव्हे, हे चर्चेत स्पष्ट झाले आणि वाट मोकळी झाली. मैदानी हंगामासाठी फिकट राखाडी टॉप, व्यायामशाळेतील हिवाळी हंगामासाठी काळा टॉप, दोन्ही एकाच बेताचे, असे ठरले.

सुती कापड घाम शोषते पण धरून ठेवते. ते जड होते, अंगाला चिकटते आणि संध्याकाळी थंडी वाजवते. त्यामुळे ८८ टक्के पॉलिएस्टर व १२ टक्के स्पँडेक्स असे, उभे-आडवे दोन्हीकडे ताणले जाणारे विणीचे कापड निवडले. बाही रॅगलन पद्धतीची घेतली, म्हणजे शिवण खांद्याच्या टोकावर न येता गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते. हात वर नेताना सगळा टॉप वर ओढला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. उंची नेहमीपेक्षा थोडी अधिक मागितली. खिसे, चेन, नाड्या आणि धातूची बटणे यांपैकी काहीही नको, असे मागणीपत्रात लिहिले, कारण झेंड्याचे रेशमासारखे तलम कापड अशा प्रत्येक गोष्टीत अडकते.

मरून टॉपवर पांढरी अक्षरे, हा मूळ प्रस्ताव ज्या कारणाने बाद झाला, ते अशा खरेदीत पडणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगवतात, ते पुरेशा उष्णतेत वायुरूप होऊन कापडातून बाहेर पडू शकतात. स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे चौकटीवरच्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईची, नेहमीची प्लॅस्टिसॉल शाई पक्की होण्यासाठी सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तेवढ्या उष्णतेत कापडातील लाल रंग निसटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. छपाईच्या यंत्रातून कपडा पांढऱ्या अक्षरांसह बाहेर येतो, आणि काही दिवसांनी तीच अक्षरे गुलाबी दिसू लागतात. लाल आणि मरून पॉलिएस्टर याबाबतीत सर्वांत त्रासदायक. आम्ही संपूर्ण मागणी नोंदवण्यापूर्वी एकच नमुना छापून घेतला, तो धुतला आणि आठवडाभर ठेवून दिला. अक्षरांवर गुलाबी झाक स्पष्ट उतरली होती. छपाई करणाऱ्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की, कमी तापमानाला पक्की होणारी शाई आणि तिच्याखाली रंग अडवणारा राखाडी थर वापरला, तर हे बरेचसे टळेल, मात्र छपाई जाड होईल व खर्च वाढेल. जाड छपाई छातीवर असली, की झेंड्याचा दांडा घासून ती सोलली जाते, हे जुन्या सदस्यांच्या कपड्यांवर दिसतच होते.

फिकट राखाडी रंग निवडल्यामुळे हा प्रश्नच सुटला. सब्लिमेशन पद्धतीत रंग सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने वायुरूप करून पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरवला जातो, म्हणजे वर ज्या गुणाने छपाई बिघडवली, तोच येथे कामाला येतो. या पद्धतीला फिकट कापड लागते, कारण पांढरी शाई तिच्यात नसते. राखाडी टॉपवर छातीच्या डाव्या बाजूला लहान मरून बोधचिन्ह सब्लिमेशनने उतरवले. हात फिरवला तर त्याचा थर जाणवत नाही, आणि घासून ते निघतही नाही. काळ्या टॉपवर काहीही छापले नाही. एका सदस्याला ते ओकेबोके वाटले, पण प्रशिक्षिकेला हिवाळ्यात तेच हवे होते. शिवाय बिनछापाचा कपडा कमी पडला, तर दोन दिवसांत मिळतो.

पाठीवरचे नाव मी ठामपणे नाकारले. अल्पवयीन मुलांची नावे सार्वजनिक मैदानावर दुरून वाचता यावीत, याचे काही कारण नव्हते.

मापे

मापांचा विषय समितीत दहा मिनिटांत संपेल असे वाटत होते, आणि सर्वाधिक वेळ त्यालाच लागला. अशा खरेदीत सर्वाधिक दुखावणाऱ्या गोष्टी येथेच घडतात. प्रचलित रीत अशी, की कागद फिरवायचा आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे माप लिहायचे. म्हणजे तिसाव्या मुलाच्या हाती कागद येतो, तेव्हा त्याला आधीच्या एकोणतीस जणांची मापे ठाऊक झालेली असतात, आणि आपले माप लिहिताना तो एक अंक खाली उतरतो. मग कपडे येतात ते घट्ट. आम्ही पुरवठादाराकडून प्रत्येक मापाचा एकेक नमुना मागवला, वर्गखोलीच्या आत एकेकाला पाठवले, आणि फक्त तीन हालचाली करून पाहायला सांगितल्या : दोन्ही हात डोक्यावर ताणणे, पूर्ण खाली बसणे, आणि एक पाय मागे नेऊन कमरेतून वाकणे. पहिल्या हालचालीत पोट उघडे पडते का, दुसरीत लेगिंग्जचे कापड ताणून पारदर्शक होते का, तिसरीत कमरपट्टा खाली घसरतो का, हे मुलानेच आरशात पाहायचे आणि माप बंद अर्जावर लिहायचे. एका जातीच्या लेगिंग्ज दुसऱ्या हालचालीतच बाद झाल्या. हाताने चाचपताना त्या उत्तम वाटल्या होत्या.

कमरेखालचे कपडे दोन्ही हंगामांत काळेच ठेवले. संघात मुली अधिक आहेत, त्यांना महिन्यातील चारही आठवडे सराव असतो, आणि फिकट लेगिंग्ज घालून वर पाय उचलण्याची धास्ती कोणाही मुलीच्या मनात असू नये. हा मुद्दा बैठकीत एका आईने सरळ शब्दांत मांडला आणि त्यावर वाद झाला नाही.

संघात मुलगेही होते, अंगालगत कपडे नको असणारी मुले होती, आणि एक विद्यार्थिनी हिजाब घालणारी होती. त्यामुळे लेगिंग्जबरोबर त्याच कापडाची सरळ पायांची पँट, आणि अर्ध्या बाहीबरोबर पूर्ण बाही, असे पर्याय सर्वांसाठी खुले ठेवले. कोणी काय घ्यावे, याचे कारण विचारायचे नाही, असा नियम केला. पर्याय विशिष्ट मुलासाठी अपवाद म्हणून दिला असता, तर ते मूल वेगळे पडले असते. सर्वांना दिल्यावर पूर्ण बाही घेणाऱ्यांत उन्हापासून हात वाचवू पाहणाऱ्या आणखी काही मुली निघाल्या. हिजाबासाठी टाचणीविना डोक्यावरून ओढून बसवता येणारा खेळाडूंचा काळा हिजाब आणला, कारण वरून साधने पडण्याची शक्यता असताना डोक्यावर टाचणी असणे धोक्याचे आहे.

पुरवठादाराच्या दरपत्रकात मोठ्या मापांना जादा दर होता. हा जादा दर पालकांकडून घेण्याचा प्रश्न सरावाच्या कपड्यांत नव्हताच. पण विक्रीच्या हुडीतही आम्ही तो एकूण खर्चात मिसळून सर्व मापांची किंमत एकच ठेवली. मोठ्या बांध्याच्या मुलाने आपल्या बांध्याचा दंड भरावा, हे मला अन्याय्य वाटते, मग तो दंड दोन डॉलरचा का असेना.

बोटे उघडी राहणारे चामडी तळव्याचे हातमोजे आणि पादत्राणे साधनांच्या अंदाजपत्रकातून आधीपासूनच येत होती, त्यात बदल केला नाही.

हौसेचे कपडे

येथे शाळेच्या मरून रंगाला मोकळीक मिळाली. हुडी आणि टी-शर्ट मुख्यत्वे सुती घेतले. सुती धाग्याचे रंग वेगळ्या जातीचे असल्याने मरून कापडावर पांढरी छपाई पांढरीच राहते. रचना एकाच रंगाच्या शाईत बसवली, कारण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते आणि तिचा खर्च मागणी लहान असो वा मोठी, तेवढाच पडतो. समजा एका चौकटीला पंचवीस डॉलर पडतात. चार रंगांची रचना केली तर शंभर डॉलर आधीच गेले, आणि पंचवीस हुड्यांच्या मागणीत प्रत्येक हुडीवर चार डॉलरचा बोजा पडतो. शंभर हुड्या असत्या, तर तो एकाच डॉलरचा झाला असता. भरतकामाचा विचार फक्त जाकिटांसाठी केला. पातळ विणीच्या कापडावर टाके ओढले जाऊन सुरकुत्या पडतात.

विक्री ऑनलाइन, दोन आठवड्यांपुरती उघडी ठेवली आणि नोंदवले तेवढेच कपडे छापले, त्यामुळे क्लबकडे माल पडून राहिला नाही. रचना मुलांनी केली. शाळेच्या बोधचिन्हाच्या वापराला मंजुरी घ्यावी लागली आणि त्यात एक आवृत्ती परत आली, इतकेच. भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठीही मागण्या आल्या, आणि स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत साडीवर मरून हुडी घातलेल्या आज्या बसलेल्या पाहून मुलांना जो आनंद झाला, त्यासाठी हे कपडे असतात, असे मला मनापासून वाटते.

ऑक्टोबरमधील पेच

समितीने आखलेल्या रेषेची खरी परीक्षा ऑक्टोबरच्या मध्यावर झाली. सराव रात्री साडेआठपर्यंत चालू लागला, थंडी वाढली आणि मुले आपापल्या मरून हुड्या घालून येऊ लागली. एक तर हुडीची टोपी पाठीवर लोंबते, आणि मानेमागून फिरवलेला दांडा तिच्यात अडकतो. प्रशिक्षिकेने साधने हातात असताना हुडी घालायला मनाई केली. दुसरे असे, की विश्रांतीच्या वेळी मैदानाच्या कडेला सगळे मरून रंगात बसलेले असताना चार-पाच मुले घरच्या जाकिटांत दिसू लागली. हुडी ऐच्छिक होती, कोणी कोणाला काही बोलले नव्हते, तरी गारठ्याने तिला जवळजवळ आवश्यक करून टाकले होते, आणि ज्यांनी ती घेतली नव्हती, ते आता डोळ्यांत भरत होते.

त्या हंगामापुरते असे ठरले की, संध्याकाळच्या सरावात कोणतेही काळे, बिनटोपीचे, अंगाबरोबर बसणारे उबदार वस्त्र चालेल. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांच्यासाठी क्लबने साधी काळी फ्लीसची जाकिटे घेऊन साधनांच्या खोलीत ठेवली. कोणी नेले, याची नोंद ठेवली नाही. पुढच्या वर्षासाठी गळ्यापाशी छोटी, वर फडके असलेली चेन असणारा आणि अंगालगत बसणारा उबदार काळा टॉप क्लबने द्यायच्या कपड्यांच्या यादीत घातला. सुरुवातीच्या मागणीपत्रात चेन नको म्हटले होते. येथे ती फडक्याखाली झाकली जात असल्याने प्रशिक्षिकेने झेंडा फिरवून पाहिला आणि संमती दिली. त्याचा खर्च भागवण्यासाठी विक्रीच्या यादीतील पिशवी आणि गाडीवर लावायची चुंबकी पट्टी यांचा नफा या टॉपच्या नावे आधीच बाजूला ठेवला. सरळ पायांच्या पँटची मोहरी हिवाळ्यात विनाइल पटावर टाचेखाली येत असल्याचे दोन मुलांनी सांगितले होते; नव्या मागणीत तिच्या घोट्यापाशी लवचीक पट्टी मागितली आहे.